पाण्यातून आणि अग्नीतून

शास्त्रपाठ: गणना ३१:२२, २३



पूर्वी आपल्या खेड्यापाड्यांतून वर्षाकाठी एकदा तरी कल्हईवाला येत असे. चिंचेच्या किंवा लिंबाच्या झाडाखाली लहानसा खळगा करून तो भाता बसवी, कोळसे फुलवी, आणि घरोघरची तांब्यापितळेची भांडी त्याच्यापुढे येऊन पडत. तापलेल्या भांड्यात तो नवसागराची पूड टाकी, कथिलाची कांडी फिरवी, व कापसाच्या बोळ्याने पुसून काढी. तेव्हा भांड्याचे काळवंडलेले अंग पाहता पाहता रुप्यासारखे उजळून निघे. आता घरोघरी पोलादाची व अल्युमिनियमची भांडी झाल्यामुळे तो कल्हईवाला क्वचितच दृष्टीस पडतो. तथापि ज्यांनी ते दिवस पाहिले आहेत त्यांस ठाऊक आहे की कल्हई उडालेल्या भांड्यात ताक किंवा आंबट सार ठेविले म्हणजे ते कळकते, आणि कळकलेले अन्न पोटात गेले म्हणजे मनुष्य आजारी पडतो. नखाएवढ्याही जाडीचा नव्हे असा तो कथिलाचा लेप सर्व कुटुंबास विषापासून राखीत असे.

हे कथील निर्मळ होऊन आपल्या भांड्यापर्यंत येण्यापूर्वी त्यास किती पाण्यांतून व किती अग्नींतून जावे लागते, ह्याचा विचार आपण बहुधा करीत नाही. आज आम्ही तोच विचार आपणांपुढे मांडू इच्छितो. त्यास एक कारणही आहे. गेल्या महिन्यात एका उपदेशक बंधूने आम्हांस पत्र लिहून विचारले की, आमच्या गावच्या मंडळीत एक कुटुंब आहे. पुरुष दारू सोडतो व पुन्हा धरितो, उपासनेस कधी येतो कधी येत नाही. बाहेरचे लोक त्याजकडे बोट दाखवून हसतात. तर मंडळीच्या पटावरून त्याचे नाव काढून टाकावे की काय? त्या पत्रास उत्तर लिहावयास आम्ही तीन वेळा बसलो, व तिन्ही वेळा लेखणी खाली ठेविली. तेच उत्तर आज आपणां सर्वांदेखत देत आहो.

शास्त्रपाठात एलाजार याजक लुटीत आलेल्या वस्तूंविषयी नियम सांगतो. सोने, रुपे, तांबे, लोखंड, कथील व शिसे अशा सहा धातूंची नावे तो घेतो. अग्नीत टिकणाऱ्या वस्तूने अग्नीतून जावे, व तरीही शुद्धीच्या पाण्याने ती निर्मळ केली जावी. जी अग्नीत टिकत नाही तिने पाण्यातून जावे, असा त्या नियमाचा आशय आहे. म्हणजे कथिलास दोन्ही लागू झाली, अग्नीही व पाणीही. इब्री भाषेत कथिलास 'बदील' असे म्हणतात, आणि त्या शब्दाचा संबंध 'वेगळे करणे' ह्या अर्थाच्या क्रियापदाशी आहे असे कोशकार सांगतात. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात देवाने उजेड व अंधार वेगळे केले असे सांगितले आहे, तेथे हेच क्रियापद आहे. तेव्हा कथिलाचे शुद्धीकरण म्हणजे वेगळे करण्याचे काम होय. ते काम कसे करीत असत हे प्रथम पाहू.

इंग्लंडाच्या नैर्ऋत्येस समुद्रात शिरलेला कॉर्नवॉल नावाचा प्रांत आहे. फार प्राचीन काळापासून तेथे कथील निघत असे. १२०१ साली इंग्लंडाचा राजा जॉन ह्याने तेथील कथील काढणाऱ्यांस सनद देऊन त्यांचे हक्क मान्य केले होते. कथिलाचा मूळ पाषाण तपकिरी किंवा काळ्या रंगाचा असतो, व तो दिसण्यात धातूसारखा मुळीच नसतो. अजाण मनुष्य त्यास लाथेने बाजूस सारील. परंतु त्याचे वजन पाण्याच्या सुमारे सात पट असते. ज्या गारगोटीत तो मिसळलेला असतो तिचे वजन पाण्याच्या अडीच पटींहून थोडेसेच अधिक. ह्या एका भेदावर सारा जुना धंदा उभा होता.

प्रथम लोक डोंगरात खणीत नसत. डोंगरातील शिरा झिजून त्यांचे तुकडे ओढ्यांबरोबर दऱ्यांत वाहून आलेले असत, ते शोधीत. दरीत चर खणून त्यात पाटाचे पाणी सोडीत, व वरून माती ढकलून फावड्याने ढवळीत. हलकी वाळू व चिखल वाहून जाई, आणि जड कथील चराच्या तोंडाशी बसून राही. आपल्या भगिनी सुपात धान्य घोळून खडे वेगळे करितात तीच ही युक्ती होय. आपल्या देशातही बस्तरच्या दक्षिण भागात आदिवासी लोक ओढ्याकाठची माती पाण्यात घोळून कथिलाचे दाणे वेचीत आले आहेत. सराफाच्या दुकानापुढील केर धुऊन सोन्याचे कण काढणारे झारेकरी आपल्यापैकी कित्येकांनी पाहिले असतील. ह्या सर्वांची विद्या एकच.

ओढ्यांतील कथील कमी झाले तेव्हा लोक खडकात शिरले. खाणीतून वर आलेल्या दगडात कथील फारच थोडे; बहुधा शंभर भागांत दोनचार भागही नसे. हे दगड प्रथम स्त्रिया व मुली लांब दांड्याच्या हातोड्यांनी फोडीत. त्या मुलींस 'बाल-मेडन' म्हणत. 'बाल' म्हणजे त्या प्रांतीच्या जुन्या भाषेत खाण. नंतर ते तुकडे कांडणयंत्राखाली जात. आपल्या उखळात एक मुसळ असते. ह्या यंत्रात लाकडी खांबांना लोखंडाची डोकी बसवून अशी मुसळे ओळीने उभी केलेली असत. पाणचक्कीच्या आसाला बसविलेल्या खुंट्या त्यांस उचलीत व सोडून देत. रात्रंदिवस तो आवाज दरीत घुमत असे. ट्रूरो शहराजवळ 'ट्वेल्व्हहेड्स' नावाचे एक खेडे आहे. बारा मुसळांच्या अशा यंत्रावरून त्यास ते नाव पडले.

कांडून झालेला गाळ पाण्याबरोबर गोल हौदात सोडीत. हौदाचा मध्य उंच व कडा सखल असे. मध्यावर पडलेला गाळ चोहोंकडे उतरत जाई, व फिरत्या दांड्यांना लाविलेले कुंचे त्याच्या पृष्ठभागावरून हळूहळू फिरत राहत. जड कथील मध्याजवळ बसे, हलकी वाळू कडेस जाई, व दोहोंच्या मध्ये मिश्र असा भाग राही. हौद भरला म्हणजे कामकरी ते तीन भाग निरनिराळे उकरीत. मध्याजवळच्या भागास 'डोके' व कडेच्या भागास 'शेपूट' म्हणत. डोके पुढे जाई. मधला भाग मात्र टाकून देत नसत. तो पुन्हा हौदात घालीत, व त्यातून जो मधला निघे तोही पुन्हा घालीत. शेवटी तो माल लाकडी पिपात पाण्याबरोबर ढवळून, पिपाच्या अंगावर बाहेरून सारखे ठोके मारीत बसत, म्हणजे उरलेसुरले जड कण तळी जमत. कामकरी मधून मधून रुंद फावड्यावर थोडा माल व पाणी घेऊन, झोके देऊन, कथील किती आले हे डोळ्यांनी पारखीत.

बंधुजनहो, येथे पहिली गोष्ट ध्यानात घ्या. ह्या साऱ्या खटपटीत पाण्याने कथिलाचा एक कणही उत्पन्न केला नाही. मुसळानेही केला नाही. कथील खडकात पूर्वीच होते, आणि ते तेथे कोणा मनुष्याने ठेविले नव्हते. उपदेशक, पाळक, शाळेतील गुरुजी, आपण सर्व केवळ पाटाचे पाणी वळविणारे आहो. एखाद्या बापुड्याच्या अंतःकरणात देवाने ठेविलेली प्रतिमा आपण निर्माण करीत नाही, म्हणून ती दिसत नाही असे पाहून तेथे ती नाहीच असे म्हणण्याचा अधिकारही आपणांस नाही. कथिलाचा दगड पाहून अजाण मनुष्य फसतो. जाणता कामकरी तो हातात घेऊन त्याचे वजन पाहतो.

आता दुसरी गोष्ट सांगताना आम्हांस आमचाच दोष सांगणे प्राप्त आहे. आम्ही धर्मशिक्षण संपवून पहिल्याने ज्या मंडळीत गेलो, तेथे खडी फोडून पोट भरणारा एक बंधू होता. त्याची गोष्ट ह्या पत्रातील बंधूसारखीच होती. तीन वेळा त्याने दारू सोडल्याचे वचन दिले व तीन वेळा मोडले. पंचांची सभा झाली. आम्ही वयाने लहान होतो, आणि मंडळीचा नावलौकिक राखावा ह्याची आम्हांस फार उत्कंठा होती. आम्ही स्वतःच्या हाताने पटावरील त्याच्या नावावर तांबडी रेघ ओढली. तो पुढे कधी मंदिरात दिसला नाही, व आम्हीही त्याच्या घरी गेलो नाही. काही वर्षांनी तो वारला, तेव्हा त्याच्या पत्नीने निरोप पाठविला म्हणून आम्ही प्रेतक्रियेस गेलो. त्या बाईने आम्हांस दोष दिला नाही. ती इतकेच म्हणाली, "पाळकबाबा, नाव काढल्यावर चार महिने त्यांनी थेंब घेतला नव्हता. दर रविवारी भिंतीपलीकडे लिंबाखाली बसून तुमचं बोलणं ऐकायचे. कोणी आत बोलावलं तर जाईन म्हणायचे."

चार महिने म्हणजे सतरा अठरा रविवार होतात. तितके रविवार आम्ही भिंतीच्या अलीकडे हरवलेल्या मेंढरावर बोलत होतो, आणि मेंढरू भिंतीच्या पलीकडे बसले होते. कॉर्नवॉलातील निरक्षर कामकरी हौदातला मधला भाग कधी टाकीत नसे, कारण त्यात कथील आहे हे तो जाणून होता. आम्ही धर्मशास्त्र शिकलो होतो, आणि आम्ही तो टाकला.

त्या प्रांतात कॅम्बोर्न गावाजवळून एक लहान नदी वाहते. खाणींच्या तांबूस गाळामुळे तिला 'तांबडी नदी' असे नाव पडले. मोठ्या खाणी आपला धुतलेला गाळ निरुपयोगी म्हणून तीत सोडीत. परंतु खालच्या अंगास दुसरे लोक आपापले लहान हौद मांडून बसलेले असत, व तोच गाळ पुन्हा धुऊन त्यातून कथील काढीत. श्रीमंत खाणीने ज्यास शेपूट म्हटले, त्यावर त्या लोकांचे धंदे चालत. आमच्या मोठ्या मंडळ्यांनी ज्यांस सोडून दिले, त्यांजकरिता ओढ्याच्या खालच्या अंगास कोणी बसले आहे काय? उपदेशक बंधो, कदाचित आपणांस देवाने तेथेच बसविले असेल.

तिसरी गोष्ट अग्नीची. येथे कोणी म्हणेल की, पाळकबाबा सर्वांस क्षमाच करा म्हणतात, मग मंडळीत शिस्त ती कसली? ऐका. धुऊन धुऊन स्वच्छ केलेल्या त्या मालातही एक शत्रू लपलेला असतो. माक्षिक नावाचे दगड, ज्यांत गंधक व सोमल असतो, तेही वजनाने फार जड असतात. त्यांचे वजन पाण्याच्या पाच सहा पट, म्हणजे कथिलाच्या जवळजवळ बरोबरीचे. त्यामुळे पाणी त्यांस ओळखीत नाही. हौदात ते कथिलाच्या शेजारीच जाऊन बसतात. शंभर वेळा धुतले तरी ते निघत नाहीत. त्यांस काढण्यास माल भट्टीत भाजावा लागतो. भाजला म्हणजे गंधक व सोमल धुराच्या रूपाने निघून जातो, मागे लोखंडाची हलकी राख राहते, आणि मग तोच माल पुन्हा धुतला की ती राख वाहून जाते. अग्नीनंतर पुन्हा पाणी. एलाजार याजकाने सांगितलेला क्रमही हाच आहे.

आपल्यामध्ये हे माक्षिक कोणते? दारूडा तर साऱ्या गावास दिसतो. त्याचे पाप हलक्या वाळूसारखे वरच तरंगते. परंतु पुण्याइतकेच जड वाटणारे पाप कोणी ओळखावे? आमचे आजोबा अमक्या साली बाप्तिस्मा पावले, आम्ही जुने ख्रिस्ती, तो कालचा. असे म्हणणारा मनुष्य पहिल्या बाकावर बसतो, वर्गणी वेळेवर देतो, व त्याचा अभिमान विश्वासाच्या शेजारीच जाऊन बसतो. आमचे पूर्वज अमुक वाड्यातले व त्यांचे तमुक वाड्यातले, म्हणून प्रभुभोजनाच्या वेळी प्याला आपणांकडे प्रथम यावा असे मनात धरणे, किंवा लग्नसंबंध जुळविताना ख्रिस्ताचे नाव बाजूस ठेवून जुन्या जातीचे नाव विचारणे, हा सोमल आहे, बंधूंनो. तो उपदेशाच्या पाण्याने जात नाही. आमची प्रवचने ऐकून तो चाळीस चाळीस वर्षे जागचा हललेला नाही. त्यास देवाचा अग्नी पाहिजे. कधी तो अग्नी दुखण्याच्या रूपाने येतो, कधी मुलाबाळांच्या अपमानाच्या, आणि कधी ज्यास आपण तुच्छ मानिले त्याच्याच हातचे पाणी पिण्याच्या प्रसंगाने. तो आला म्हणजे देवाने आम्हांस सोडिले असे म्हणू नका. गारगोटीस कोणी भट्टीत भाजीत बसत नाही.

ह्या कामात माणसांचे किती हाल झाले हेही विसरता कामा नये. सोमलाचा धूर थंड होऊन भिंतींवर पांढरा थर जमावा म्हणून वळणावळणांचे लांब बोगदे बांधीत, आणि तो थर खरवडून काढण्यास माणसे आत जात. नाकात कापूस कोंबून व उघड्या अंगास चिकणमाती फासून ती काम करीत. धुण्याच्या हौदांवर लहान मुले उघड्यावर, थंडीत, ओल्या पायांनी राबत. १८४२ साली सरकारी चौकशी मंडळाने मुलांच्या ह्या मजुरीचा वृत्तांत प्रसिद्ध केला. आपल्या भांड्यावरची चकाकी कोणाच्या तरी हाडांतून आलेली असते. ज्या गावी आपले बंधू खाणींत, वीटभट्ट्यांवर किंवा उसाच्या फडांत राबतात, तेथील मंडळीने हे जाणावे, व मजुराच्या मजुरीविषयी याकोबाने काय लिहिले आहे ते पुन्हा वाचावे.

शेवटी माल भट्टीघरात येई. जुन्या काळी ही घरे दगडाची असत, व त्यांचे छप्पर गवताने शाकारलेले असे. भट्टीत लोणारी कोळसा व कथिलाचा माल एकावर एक घालून, पाणचक्कीने चालणाऱ्या भात्यांनी वारा देत. वितळलेले कथील खाली वाहून दगडी साच्यात पडे. पुढे अठराव्या शतकात दगडी कोळशाच्या भट्ट्या आल्या. निघालेले कथील पुन्हा मंद आचेवर वितळवीत. शुद्ध कथील २३२ अंश उष्णतेसच पातळ होऊन वाहू लागते, व जड वितळणारा मळ मागे राहतो. मग त्या पातळ कथिलात ओल्या लाकडाचे ओंडके बुडवून धरीत. ओल्या लाकडातून निघणाऱ्या वाफेने कथील खदखदा उकळे, व उरलेला मळ फेस होऊन वर येई. तो झाऱ्याने काढून टाकीत. आपण यहेज्केलाचा बाविसावा अध्याय काढून वाचा. देव इस्राएलाविषयी तांबे, कथील, लोखंड व शिसे ह्यांच्या भट्टीचीच उपमा देऊन बोलतो.

परंतु भट्टीघराची एक गोष्ट आम्हांस फार आवडली. रिचर्ड कॅर्यू नावाच्या गृहस्थाने १६०२ साली कॉर्नवॉलचे वर्णन छापिले, त्यात ती आहे. भात्याच्या वाऱ्याने कथिलाचे अगदी हलके कण धुराबरोबर उडून छपराच्या गवतात अडकत. म्हणून कित्येक मालक सात आठ वर्षांनी आपल्या भट्टीघराचे छप्पर आपल्याच हाताने जाळून टाकीत, व त्या राखेतून इतके कथील मिळे की नव्या बांधणीचा खर्च निघून वर नफा राही. मंडळीचे वडील हो, विचार करा. उडून गेलेल्या धुळीकरिता तो मालक आपले छप्पर जाळण्यास तयार होता. आपणही आपले छप्पर राखून ठेवू नये. आपली नेहमीची बसण्याची रीत, आपल्या उपासनेची सोयीची वेळ, आपल्या मंडळीचा नावलौकिक ही सर्व छपरेच आहेत. त्या खडी फोडणाऱ्या बंधूकरिता आम्ही आमचा नावलौकिक जाळावयास पाहिजे होता. तो आम्ही पाण्यापावसापासून जपून ठेविला.

ह्याच कॉर्नवॉलात जॉन वेस्ली १७४३ साली प्रथम गेला. ग्वेनॅप गावाजवळ जुन्या खाणीमुळे जमीन खचून एक मोठा वाटोळा खड्डा पडला होता. त्या खड्ड्यात उभे राहून १७६२ पासून १७८९ पर्यंत त्याने अठरा वेळा खाणकामकऱ्यांस उपदेश केला. आणि ट्वेल्व्हहेड्स गावी १७९४ साली बिली ब्रे नावाचा मनुष्य जन्मला. तो खाणीत काम करी व अट्टल दारूडा होता. त्यास गुत्त्यातून घरी आणावयास त्याची पत्नी जात असे. १८२३ साली, एकोणतीस वर्षांचा असता, त्याचे मन फिरले. त्यानंतर तो पंचेचाळीस वर्षे जगला. दिवसा खाणीत राबून उरलेल्या वेळात त्याने उपदेश केला व आपल्या हातांनी दगड रचून प्रार्थनामंदिरे उभारली. १८६८ साली तो वारला तेव्हा सारा प्रांत त्यास ओळखीत होता. १८२२ साली कोणी पटावरून त्याच्या नावावर रेघ ओढली असती, तर ती वाजवीच दिसली असती.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे, नाही तर हा दृष्टांतच आमच्या हातून विष होईल. दृष्टांत वाटेल तेथवर ताणू नये. हे ऐकून कोणी म्हणेल, आमच्या मंडळीत अमके कथील व तमके गारगोटी. तर गारगोटी फेकून देऊ. असे नव्हे. मंडळीत कथिलाची माणसे व दगडाची माणसे अशा दोन जाती नाहीत. प्रत्येक मनुष्य हा खाणीतून निघालेला मिश्र पाषाण आहे, पाळकही तसाच. वाळू, सोमल व कथील ही सर्व प्रत्येकाच्या आतच आहेत. जे वाहून जावयाचे ते आपल्या आतून वाहून जावयाचे आहे, आपल्यामधून कोणी मनुष्य नव्हे. शिवाय दगडास वेदना नाही व इच्छा नाही. मनुष्यास दोन्ही आहेत. आणि खाणीचा मालक भट्टीबाहेर उभा राहतो, परंतु आमचा प्रभू स्वतः यार्देनेच्या पाण्यात उतरला व कालवरीच्या अग्नीत शिरला. ज्याच्यात काही मळ नव्हता तो आम्हां मळकटांबरोबर भट्टीत गेला.

एक शेवटची रीत सांगून पुरे करितो. कॉर्नवॉलात ओतलेल्या कथिलाची लादी ठराविक शहरी नेऊन पारखून घ्यावी लागे. अधिकारी लादीचा एक कोपरा छिन्नीने तोडून आतील कथील पाहत, आणि ते उतरले म्हणजे लादीवर शिक्का मारीत. तो शिक्का असल्यावाचून कथील विकता येत नसे. १८३८ साली ही रीत बंद झाली. पारखी वरची चकाकी पाहत नसे, कोपरा पाहत असे. देवही आपला कोपरा पाहतो. रविवारचा स्वच्छ सदरा हे वरचे अंग आहे. घरी चुलीपुढे आपण पत्नीशी कसे बोलतो, सावकाराच्या हिशेबात खरे काय लिहितो, आपल्याहून दुर्बळ मनुष्यास दारातून आत बोलावितो की नाही, हा कोपरा आहे.

त्या खाणी आता बंद पडल्या. १९९८ साली साउथ क्रॉफ्टी नावाची शेवटची खाण बंद झाली, व २००६ साली तेथील जुनी इंजिनघरे व खाणींचा प्रदेश जागतिक वारसा म्हणून गणला गेला. मुसळांचा तो आवाज थांबला. परंतु ज्याने खडकात कथील ठेविले त्याचे धुण्याचे व गाळण्याचे काम थांबलेले नाही.

आता, उपदेशक बंधो, आपल्या पत्राचे उत्तर. नाव काढू नका. प्रथम त्याच्या घरी जा, आणि एकटे जाऊ नका; ज्या वडिलांस त्याचे नाव काढावेसे वाटते त्यांसच बरोबर न्या. त्याच्या घरचे पाणी प्या. दारूचे पाप हे पाप आहे असे त्यास स्पष्ट सांगा, कारण हौदात पाणी न सोडता बसणे म्हणजे प्रीती नव्हे. त्याच्या मजुरीचे पैसे त्याच्या पत्नीच्या हाती पडतील अशी काही व्यवस्था त्याच्याच संमतीने करा. तो पुन्हा पडला तर पुन्हा जा. काही काळ प्रभुभोजनापासून त्यास दूर ठेवणे पंचांस आवश्यक वाटले, तर त्याचे कारण व मुदत त्यास समोरासमोर सांगा, आणि मुदत संपताच त्याच्या दारी जाऊन त्यास हाताला धरून आणा. आणि दर रविवारी, उपासनेस आरंभ करण्यापूर्वी, एकदा बाहेर येऊन भिंतीपलीकडे पाहा. झाडाखाली कोणी बसले असेल.

आम्ही पाहिले नाही. देव आम्हांस क्षमा करो, व आपणांस डोळे देवो.

प्रार्थना: हे सर्वसमर्थ देवा, तू आमच्या खडकात जे ठेविले आहेस ते तुलाच ठाऊक आहे. आम्हांस फोड, धू, आणि भट्टीतून काढ, परंतु टाकून देऊ नको. ज्यांस आम्ही टाकिले त्यांस तू उचलून घे, आणि त्यांच्या दारी जाण्याचे धैर्य आम्हांस दे. प्रभु येशू ख्रिस्ताच्या नावाने मागतो. आमेन.